इटलीने बिअरला पान मांडलं

शीर्षक वाचून आमच्या घरच्या काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया वर जातील, याची कल्पना आहे. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर मुलांना मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाने बिअरवर लिहावं का? लिहावं, असं माझं मत आहे. पिण्यावर लिहिणारे दोनच प्रकारचे लोक माझ्या वाचनात आले. एक तिला देव्हाऱ्यात बसवणारे आणि दुसरे तिला वेशीबाहेर काढणारे. ती जेवणाच्या पानाशेजारी ठेवायची झाली तर कुठे आणि किती, याचा विचार करणारे फारसे भेटले नाहीत. इटलीतल्या काही लोकांनी तो गेल्या तीस वर्षांत मनापासून केला आहे, आणि मला तो एक सामाजिक प्रयोग म्हणून फार रंजक वाटतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांची सोय होईल. इटलीच्या क्राफ्ट बिअरचं कर्तृत्व तिच्या चवीत आहेच, पण त्याहून जास्त तिने मिळवलेल्या जागेत आहे. ती टपरीवरच्या बाकावरून उठली आणि चार माणसांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसली. मात्र तिथे शिरताना तिने वाइनचा अंगरखा घातला होता. तो तिने आता उतरवावा.

आता थोडी पार्श्वभूमी. इटली हा द्राक्षांचा देश. तिथे बिअर नव्हती असं मात्र नाही. पेरोनीचा कारखाना १८४६ साली विजेवानो गावात निघाला, मोरेत्तीचा १८५९ साली उदिनेला. (दोन्ही आता इटालियनांच्या हातात नाहीत. मोरेत्ती १९९६ पासून हायनेकेनकडे, आणि पेरोनी जपानच्या असाही कंपनीकडे.) पण बिअर म्हणजे उन्हाळ्यात तहान भागवायचं गार पेय, एवढीच तिची किंमत होती. तिच्याबद्दल कुणी बोलत नसे, जसं आपण सोड्याबद्दल बोलत नाही. आजही इटालियन माणूस वर्षाला सरासरी पस्तीस ते अडतीस लिटर बिअर पितो. चेक माणूस पितो त्याच्या तिपटीहून जास्त. अपवाद एकच, पिझ्झा. पिझ्झ्याबरोबर बिअर हे तिथलं ठरलेलं जोडपं आहे, आपल्या पिठल्या-भाकरीसारखं. ध्यानात ठेवा, पुढे जी मोठी दारं उघडली त्यांची फट इथेच होती.

गोष्ट खरी सुरू होते ती पिएमोन्ते प्रांतात, म्हणजे आपण नकाशात पिडमाँट म्हणून वाचतो तिथे. आमची कन्या आणि जावई काही वर्षं तोरिनोला (ट्युरिनला) नोकरीनिमित्त होते, त्यामुळे त्या मुलखात आम्हा उभयतांचं दोनदा जाणं झालं. तोरिनोच्या दक्षिणेला कुनेओ जिल्हा आहे. बारोलो ही जगप्रसिद्ध वाइन तिथल्याच टेकड्यांवरची. या एका जिल्ह्यात १९८६ या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, आणि इतिहासाचा मास्तर असल्यामुळे मला त्यांच्याकडे एकत्र पाहण्याचा मोह आवरत नाही.

पहिली वाईट. जिल्ह्यातल्या नार्झोले गावच्या एका व्यापाऱ्याने स्वस्त वाइनची मादकता वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळलं. वीसच्या आसपास माणसं मेली, काहींची दृष्टी गेली. मिथेनॉल हा शब्द आपल्याला विषारी दारूच्या बातम्यांतून चांगला ठाऊक आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली. इटलीत त्या धक्क्याने वाइनचा सगळा धंदाच हादरला. स्वस्त आणि भरपूर यापेक्षा थोडं आणि चांगलं, हा विचार तिथे नाइलाजाने आला. दुसरी गोष्ट, याच जिल्ह्यातल्या ब्रा गावी कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या मित्रांनी एक संघटना काढली, तीच पुढे 'स्लो फूड' म्हणून जगभर गेली. आपण खातो ते कुणी पिकवलं, कसं केलं, हे विचारायची सवय त्यांनी लोकांना लावली. आणि तिसरी गोष्ट अगदीच किरकोळ. पिओत्सो नावाच्या खेड्यात तेओ मुस्सो नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाने एक पब उघडला. नाव ठेवलं 'ले बालादिन'.

मुस्सोच्या पबात सुरुवातीला परदेशी बिअरच असत, मुख्यतः बेल्जियमच्या. दहा वर्षांनी, १९९६ साली, त्याने स्वतः बिअर बनवायला घेतली. पुढे जागा पुरेना तेव्हा आईवडिलांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात बिअर आंबवण्याच्या टाक्या बसवल्या आणि जमिनीखालून नळी टाकून पबातली बिअर तिकडे नेली. हे मला फार आवडलं. कुठल्याही मोठ्या उद्योगाच्या मुळाशी कोंबड्या किंवा गोठा असला की मला त्याच्याबद्दल विश्वास वाटतो.

पण मुस्सोचं खरं डोकं चाललं ते बाटलीत. त्याने 'सुपर' आणि 'इझाक' या आपल्या बिअर पाऊण लिटरच्या, वाइनच्या असते तशा देखण्या बाटलीत भरल्या आणि त्या बारमध्ये न पाठवता रेस्टॉरंटांत पाठवल्या. इझाक हे त्याच्या मुलाचं नाव. ती गव्हाची बिअर आहे आणि तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते. (धणे म्हटल्यावर सौ.ने मान डोलावली. तिच्या मते धणे असलेली गोष्ट अगदीच वाईट असू शकत नाही.) पाऊण लिटरची बाटली एकट्याने प्यायची नसते, हे तिथे न सांगता कळतं. ती मध्ये ठेवायची, दोघा-चौघांनी वाटून घ्यायची, आणि अर्थात जेवताना. म्हणजे बाटलीचा आकारच सांगत होता की ही वस्तू कुठे बसायची आहे. पुढे २००६ साली मुस्सो आणि लोरेंझो दाबोवे हे बिअरचे जाणकार, ज्यांना सगळे 'कुआस्का' या टोपणनावाने ओळखतात, या दोघांनी मिळून उंच दांड्याचा एक ग्लास तयार केला. तेओतला 'ते' आणि कुआस्कातला 'कु' घेऊन त्याचं नाव झालं 'तेकु'. तो आता जगभर दिसतो. बाटली झाली, ग्लास झाला, आता टेबलावरून उठवणार कोण?

त्याच १९९६ साली, कोमो सरोवराच्या परिसरातल्या लुरागो मारिनोने गावात दुसऱ्या एका माणसाने वेगळा रस्ता धरला. त्याचं नाव आगोस्तिनो अरिओली, त्याच्या कारखान्याचं नाव साधं सरळ 'बिर्रिफिचिओ इतालियानो', म्हणजे इटालियन ब्रुअरी. त्याने ना मसाले घातले, ना बाटलीला सजवलं. जर्मन लोक पिढ्यान्‌पिढ्या पितात ती पिल्सनर, सोनेरी, हलकी, पाच टक्क्यांच्या किंचित वर अल्कोहोल असलेली, तीच त्याने केली. फक्त शेवटी एक गोष्ट वेगळी केली. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुलं. ती उकळताना घातली की कडूपणा देतात. अरिओलीने ती थंड, तयार होत आलेल्या बिअरमध्ये पुन्हा थोडी घातली. इंग्रज आपल्या पिंपातल्या एलमध्ये हे करत, पिल्सनरमध्ये कुणी करत नसे. फरक कसा पडतो म्हणाल, तर आमटीत उकळलेली कोथिंबीर आणि वाढताना वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांच्यात जो पडतो तसा. या बिअरचं नाव 'टिपोपिल्स', पिल्ससारखी काहीतरी, एवढाच त्याचा अर्थ. काय नम्रता! पण कॅलिफोर्नियातल्या फायरस्टोन वॉकर कंपनीच्या ब्रुअरने ती चाखली आणि तिच्यावरून स्वतःची 'पिवो' काढली. आज अमेरिकेत कितीतरी ठिकाणी 'इटालियन पिल्सनर' हा स्वतंत्र प्रकार म्हणून बनते. बिअरची परंपरा नसलेल्या देशाने बिअरचा प्रकार निर्यात केला!

परंपरा नसण्याचा हा फायदा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे. जर्मनीत १५१६ सालचा बव्हेरियाचा नियम होता: बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स, चौथं काही नाही. इटलीत असं सांगणारा कुणी आजोबा नव्हता. त्यामुळे जो तो आपल्या गावचं जे होतं ते घालू लागला. पिएमोन्ते आणि तोस्कानाच्या डोंगरात चेस्टनट हे शतकानुशतकं गरिबाचं अन्न. त्याचं पीठ करून भाकरी करायचे. ते चेस्टनट बिअरमध्ये आले. मोन्तेजोको गावच्या रिक्कार्दो फ्रान्झोसी यांनी शेजारच्या व्होल्पेदोचे पीच घातले. सार्डिनियात, काल्यारीजवळ, निकोला पेर्रा यांनी 'बार्ले' ही ब्रुअरी काढली आणि कान्नोनाउ या तिथल्या द्राक्षाची 'सापा' बिअरमध्ये घातली. सापा म्हणजे द्राक्षाचा रस आटवून केलेली काकवीच म्हणा ना. यातून द्राक्षाच्या बिअरची एक जातच निघाली. बिअरचं परीक्षण करणाऱ्यांच्या अमेरिकी नियमावलीत २०१५ साली तिची 'इटालियन ग्रेप एल' अशी नोंद झाली. घराण्याबाहेरचा गवई कधीकधी जी जागा घेऊन जातो, ती घराण्यातल्याला सुचतच नाही, तशातला हा प्रकार.

यावर आमच्या जावयांचा एक आक्षेप होता आणि तो बिनतोड होता. ते म्हणायचे, बाबा, जव जर्मनीचे, हॉप्स अमेरिकेचे, तऱ्हा बेल्जियमची, यात इटालियन काय, तर लेबल! बऱ्याच काळापर्यंत हे अगदी खरं होतं, आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे. २०१० साली तिथल्या सरकारने बिअर बनवणं हे शेतीच्या कामांत धरलं. त्यामुळे स्वतःच्या शेतातले जव मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्या शेतकऱ्याला ब्रुअरी काढणं सोपं झालं. मुस्सोनेही पुढे 'नाझिओनाले' नावाची, सगळे घटक इटलीतलेच असलेली बिअर काढली. तरीही मला वाटतं, या बिअरचं इटालियनपण जवात किंवा हॉप्समध्ये शोधणं हेच मुळात चुकीच्या ठिकाणी शोधणं आहे. चहाचं रोपटं आपल्या अंगणातलं नाही, पण आलं-गवती चहा घालून दुपारी चारला पाटावर मांडला जातो तो चहा आपलाच. इटलीच्या बिअरचं इटालियनपण ती कशाबरोबर घेतली जाते यात आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे जेवणावर.

वाइनची जेवणात काही ठिकाणी फजिती होते. रोममध्ये आर्टिचोक फार आवडीने खातात. त्या भाजीत असा एक गुण आहे की तिच्यानंतर जे प्याल ते गोडसर लागतं. चांगली वाइन त्यापुढे पांगळी होते. व्हिनेगर घातलेली कोशिंबीर, अंडं, शतावरीची भाजी, मिरचीचा तिखटपणा, इथेही तिचं जमत नाही. बिअरचं जमतं. तिच्यातले बुडबुडे तळणीचा तेलकटपणा जिभेवरून धुऊन काढतात, हॉप्सचा कडवटपणा चीजच्या जडपणाला छेद देतो, आणि भाजलेल्या माल्टचा खमंग वास पावाच्या करपलेल्या कडेशी जुळतो. मी शाकाहारी माणूस, माझा अनुभव तेवढ्यापुरताच. तोरिनोला फारिनाता नावाचा एक पदार्थ मिळतो. हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्ह तेलात, लाकडाच्या भट्टीत भाजलेलं हे जाडसर धिरडंच. त्यावर मिरपूड. त्याच्याबरोबर टिपोपिल्सच्या जातीची कडवट बिअर दोन घोट घेतली. (घेतली ते लपवायचं कारण नाही, सौ. समोरच बसली होती.) धिरड्याची चव झाकली गेली नाही, उलट पुढचा घास पहिल्यासारखा लागला. याउलट गोर्गोन्झोला, म्हणजे निळी बुरशी धरवलेलं चीज, त्याच्याबरोबर मुस्सोची 'शायुयू' नावाची एक जड, गोड, बुडबुडेच नसलेली बिअर बोटभर दिली होती. ती बिअर आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं. उत्तम होती. पण ती मला कौतुकाची वस्तू वाटली, रोजच्या पानातली नव्हे.

हे सगळं रुजलं कसं, तर पुन्हा पिझ्झ्याच्या फटीतून. रोमच्या त्रास्तेवेरे भागात, एका अरुंद गल्लीत २००१ साली एक बिअरचं दुकान निघालं. २००७ साली त्याच्या समोरच 'बिर अँड फुड' हे पिझ्झ्याचं ठिकाण निघालं. पिठाला दोन-दोन दिवस आंबवून केलेला पिझ्झा आणि नळातून येणारी इटालियन क्राफ्ट बिअर. त्याच वर्षी तोरिनोत जुन्या व्हर्मुथच्या कारखान्यात 'इटाली' हे खाद्यपदार्थांचं भलंमोठं दुकान सुरू झालं, तिथेही बिअरला चीज आणि पास्त्याच्या बरोबरीची मांडणी मिळाली. स्लो फूडने २००८ साली इटलीच्या बिअरची मार्गदर्शिका छापली. १९९६ साली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असलेल्या छोट्या ब्रुअऱ्या वीस वर्षांत हजाराच्या आसपास गेल्या आणि पुढे हजाराच्या वर. एकूण बिअरमधला त्यांचा वाटा मात्र जेमतेम तीन-चार टक्के, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र फसवं होईल.

आता हे सगळं मला महत्त्वाचं का वाटतं ते सांगतो. तालुक्याच्या गावी मी बत्तीस वर्षं शिकवलं. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वर्गात कोण गैरहजर असेल हे मला हजेरी घ्यायच्या आधीच माहीत असे. ज्यांचे वडील पीत, ती मुलं. त्यातल्या एका हुशार मुलीने आठवीतच शाळा सोडली, कारण घरातली भांडी विकली गेली होती आणि आईला कामाला हात हवे होते. त्या मुलीचं अक्षर मला अजून आठवतं. 'एकच प्याला' शिकवताना सुधाकर आणि सिंधू यांच्याबद्दल मी जे बोलत असे, ते मुलं माझ्याकडे न बघता ऐकत. तेव्हा दारूविषयी भाबडं कौतुक माझ्याकडून होणं शक्य नाही.

पण त्याच बत्तीस वर्षांत एक गोष्ट मी पाहिली. ते पुरुष कधीही जेवताना पीत नसत. आपल्याकडे पिण्याला 'बसणं' म्हणतात, आणि बसायचं ते जेवणापासून दूर. आधी चकणा, मग पेल्यावर पेला, आणि जेवण शेवटी, शुद्ध राहिली तर. घरातल्या बायका आणि मुलं त्या खोलीत नसतात. शिकलेल्या, शहरातल्या घरांतही क्रम तोच, फक्त चकण्याचं नाव बदललं आहे. कायदाही या लपवालपवीला साथ देतो. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून आहे आणि पिण्यासाठी वैयक्तिक परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? पुण्यात २००९ साली 'डुलाली'ने ताज्या बिअरची सुरुवात केली, मग अशा जागा बऱ्याच निघाल्या. तिथे मुलंमुली एकत्र बसतात, हा बदल चांगलाच आहे. पण तिथेही बिअर आधी आणि खाणं तिच्या सोबतीला, असंच मला दिसलं.

इटलीत क्रम उलटा. खाणं आधी ठरतं, पेय त्याच्या मागून. कुनेओच्या एका साध्या खाणावळीत रविवारी दुपारी आमच्या शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. आजी, तिच्या दोन मुली, जावई, तीन नातवंडं. मध्ये बिअरची एक मोठी बाटली. आजीने तळहाताएवढ्या ग्लासात घेतली आणि पूर्ण जेवणभर तीच पुरवली. बाटलीत शेवटी थोडी उरली, ती तशीच राहिली. कुणी संपवायला धावलं नाही. मी हे पाहत होतो आणि माझ्या मनात बाजाराचा दिवस होता. जेवणाला शेवट असतो. ताट उचललं जातं, कॉफी येते, मुलं कंटाळतात, घरी जायचं असतं. पेय त्या शेवटाला बांधलेलं असलं की त्यालाही शेवट मिळतो. शिवाय टेबलावर साक्षीदार असतात.

यावर डॉक्टर वाचक हरकत घेतील आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही. इटलीतही दारूने घरं मोडतात, आणि तिथल्या तरुणांमध्ये जेवणाआधीच रिकाम्या पोटी पिण्याची सवय वाढते आहे अशी तक्रार मी तिथल्याच वडीलधाऱ्यांकडून ऐकली. न पिणाऱ्याने प्यावं असं मी म्हणत नाही. ज्या समाजात लोक पिणारच आहेत, तिथे ते पिणं अंधारात असावं की पंगतीत, एवढाच माझा प्रश्न आहे आणि माझं मत पंगतीच्या बाजूने आहे.

म्हणूनच मला त्या वाइनच्या अंगरख्याचा राग येतो. मुस्सोच्या पहिल्या बाटलीचा नव्हे. १९९६ साली साध्या बाटलीतली बिअर घेऊन रेस्टॉरंटच्या दारात कुणी उभंही केलं नसतं, तेव्हा तो वेश घेणं भागच होतं. राग त्याच्या मागून आलेल्यांचा. २०१८ च्या आमच्या दुसऱ्या फेरीत एका रेस्टॉरंटात पाऊण लिटर बिअरला १६ युरो लावले होते, आणि त्याच पानावर घरच्या वाइनचा पाव लिटरचा चंबू ४ युरोंना होता. हिशेब केला तर लिटरमागे बिअर २१ युरोंच्या वर, वाइन १६. ज्या वस्तूने गरिबाच्या चेस्टनटला मान दिला, ती गरिबाच्या हाताबाहेर गेली. वाढपी तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलला. फुलांचे वास, मधाचे वास, ओल्या गवताचे वास. पिठलं वाढताना कुणी बेसनाच्या वासावर व्याख्यान दिलं तर आपण काय करू? भाकरी मोडू आणि खायला लागू.

यात सगळा दोष रेस्टॉरंटवाल्यांचा नाही. लहान प्रमाणावर केलेली वस्तू महाग पडणारच. शिवाय इटलीत वाइनवर अबकारी कर शून्य आहे आणि बिअरवर मात्र आहे. वरच्या सगळ्या पंगतीच्या गोष्टीत हा पंक्तिप्रपंच सरकारनेच मांडलेला! कर मोजतात तो आंबवण्याआधीच्या रसाच्या गोडीवर, दर शंभर लिटरला दर अंशामागे साधारण तीन युरो. बारा अंशांची बिअर धरली तर लिटरमागे ३६ सेंट होतात. रक्कम फार नाही, पण जो लहान आहे त्याला कर भरायचा, त्याची वह्या-रजिस्टरं ठेवायची, आणि शेजारच्या द्राक्षवाल्याला यातलं काहीच नाही. २०१९ पासून वर्षाला दहा हजार हेक्टोलिटरपर्यंत बनवणाऱ्यांना त्यात ४० टक्के सूट मिळाली, तेवढाच दिलासा. माझ्या मते दोघांना एकच न्याय हवा. जेवणाच्या टेबलावर दोन पेयं शेजारी ठेवायची आणि एकीकडून पाटाचं भाडं घ्यायचं, हे बरं दिसत नाही.

दुसरी अडचण मालकीची. २०१६ च्या एप्रिलमध्ये बोर्गोरोझेची 'बिर्रा देल बोर्गो', जी लेओनार्दो दि विन्चेंझो यांनी २००५ साली उभी केली होती आणि जिचं नाव मुस्सोच्या बरोबरीने घेतलं जाई, ती जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीने विकत घेतली. तिथल्या बिअरप्रेमींना ते फार लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये क्राफ्ट बिअरची कायदेशीर व्याख्या आली. लहान आणि स्वतंत्र ब्रुअरी, वर्षाला दोन लाख हेक्टोलिटरच्या आत उत्पादन, पाश्चरीकरण नाही, सूक्ष्म गाळणी नाही. या व्याख्येत जव कुठले, हॉप्स कुठले याबद्दल अवाक्षर नाही. मालक कोण आणि कृती कशी, एवढंच विचारलं आहे. मला हे शहाणपणाचं वाटतं. मात्र स्वतंत्र राहण्याची किंमतही असते, आणि ती २०२० साली दिसली. करोनात खाणावळी बंद पडल्या, तेव्हा ज्यांची सगळी विक्री जेवणाच्या टेबलावरच होती त्यांचे पिंपं भरलेलेच राहिले. मग २०२२ साली वीज आणि गॅसचे भाव वाढले. बऱ्याच ब्रुअऱ्या बंद झाल्या आणि होत आहेत. जी जागा कमावली तीच जागा अंगाशी आली म्हणायची.

जे टिकलेत त्यांनी मुस्सोचा ग्लास आणि अरिओलीची बिअर घ्यावी, असं माझं साधं म्हणणं आहे. नळाची, ताजी, पाच टक्क्यांची, वीस सेंटिलिटरच्या मापात, आणि यादीत शेवटच्या पानावर नव्हे तर पदार्थाच्या समोर. असं मी एका ठिकाणी पाहिलंही. तोरिनोत, कन्येच्या घराजवळच्या एका छोट्या पिझ्झेरियात छापील मेन्यू नव्हताच, भिंतीवर फळा होता. त्यावर खडूने 'फारिनाता' लिहिलं होतं आणि त्याच ओळीत पुढे, एका जवळच्या गावच्या बिअरचं नाव आणि ३ युरो. अक्षर वळणदार होतं. फळ्याची कडसुद्धा कोरडी पुसलेली होती.